विद्यापीठाची पोरं गावात येऊन वीरगळ मोजून गेली, पुढं काय? (कोल्हापूर आणि आसपासचे अनुभव सांगा)

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. गेल्या हिवाळ्यात इतिहासाचे विद्यार्थी आणि त्यांचे सर वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीला उभ्या केलेल्या कोरीव दगडांची, नोंद करायला आले होते. आमच्याकडचे वीरगळ म्हणजे देवळामागच्या भिंतीला टेकवलेले, निम्मे मातीत रुतलेले. काहींना पिढ्यान् पिढ्या शेंदूर लागलाय, आणि एक ओढ्यावर धुण्याचा दगड म्हणून वापरात होता. सुदैवानं पालथा, त्यामुळं कोरीव बाजू शाबूत राहिली.

पोरांनी काम मन लावून केलं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, नुसतं पाणी आणि मऊ कुंचला. अंधार पडायला लागल्यावर एकानं बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरली आणि उजेड आडवा टाकला. दिवसा जिथं नुसते उंचवटे दिसत होते तिथं सगळा प्रसंग उठून आला. तळाच्या पट्टीत गाई आणि त्यांच्यासमोर ढाल-तलवार घेतलेला गडी. त्याच्या वरच्या पट्टीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे कुणीतरी गावची जनावरं वळवून न्यायला आलं होतं आणि हा माणूस ती सोडवताना पडला. आमच्या आजीनं तिथंच त्या दगडाला पदर लावून नमस्कार केला. लहानपणापासून ती त्याच्यावरनं ये-जा करत होती.

खरी गोष्ट पुढंच आहे. सरांनी विचारलं, हे दगड मुळात उभे कुठं होते? पुस्तकात याचं उत्तर नाही. ते सांगितलं गावातल्या एका म्हाताऱ्या गुराख्यानं. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा यातले तीन दगड बैलगाडीनं वरच्या माळावरनं आणले होते, आणि माळावर ते एका जुन्या वाटेच्या कडेला होते. ती वाट आता मोडलीय, पण बांधाच्या रेषेत अजून कळते. सर दुसऱ्या दिवशी त्या गुराख्याला घेऊन माळावर चढले आणि वाटेची नोंद केली. दगड वाचायला सर लागले आणि दगडाची जागा सांगायला गुराखी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर पोरं गेली. अहवाल कॉलेजात जमा झाला, गुण मिळाले असतील. गावात त्याचा कागद आला नाही. गुराखी मामा मला दोनदा विचारून गेले, "आमचं नाव घातलंय का रं त्यात?"

मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. विचारायचंय एवढंच, की तुमच्या गावात, पेठेत असा अभ्यास झाला असेल तर तो लोकांत उरला का? उरला असेल तर कशामुळं?

---

उत्तरेश्वरकर

भोगावतीकाठ दादा, तुम्ही गावाचं म्हणताय, आमच्या दारातली गोष्ट ऐका. ब्रह्मपुरीची टेकडी. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ते केलं आणि १९५२ साली त्याचा अहवाल छापून आला. सातवाहन काळातलं नांदतं गाव आपल्या पंचगंगेच्या काठावर निघालं. विटांची घरं, खापरं, मणी, नाणी. त्याच सुमारास त्या टेकडीवर काशाच्या वस्तूंचा साठाही मिळाला. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची मूर्ती आहे, वीतभरसुद्धा उंच नाही. हत्तीवर बसलेल्या माणसांचा एक सुरेख काशाचा नमुना आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरात उतरलेला माल घाट चढून आपल्या गावात येत होता. टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय १९४६ साली सुरू झालं तेच या वस्तूंच्या निमित्तानं.

आता ब्रह्मपुरीवर उभं राहून कुणालाही विचारा. टेकडीवर घरं झालीत, लोक पिढ्यान् पिढ्या राहतायत, आणि आपल्या चुलीखाली काय आहे हे बहुतेकांच्या कानावरही नाही. अहवाल इंग्रजीत, तोही मोठ्या ग्रंथालयात. उत्खनन उत्तम झालं, लिहिणारे देशातले पहिल्या रांगेतले लोक. पण टेकडीवरच्या माणसाशी त्याचा सांधा कुणी जोडला नाही. पाया खणताना जुनी वीट निघते, खापर निघतं, आणि ते डबराबरोबर ट्रॉलीत जातं. अशा वेळी कुणाला फोन करायचा हेच लोकांना माहीत नाही. विद्यापीठानं किंवा संग्रहालयानं पेठेतल्या दहा घरांत एक नंबर देऊन ठेवला तरी केवढं काम होईल!

आमच्या मंडळानं एका गणेशोत्सवात देखाव्याच्या जागी पेठेचा इतिहास फलकांवर मांडला होता. मजकूर लिहायला एका कॉलेजची मुलं आली. फलक लागल्याच्या पहिल्याच रात्री म्हातारी माणसं पेन घेऊन उभी राहिली. "ही विहीर इथं नव्हे, पलीकडं", "या तालमीची जागा आधी नदीकडं होती". मुलांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या करून फलक बदलले. अनंत चतुर्दशीपर्यंत तिथं बघायला येणाऱ्यांपेक्षा सांगायला येणारे जास्त झाले होते.

---

लाल_माती

पोसायडन बघितलाय. शाळेची सहल टाउन हॉलला गेली होती, पण ही मूर्ती आपल्याच ब्रह्मपुरीत सापडली हे मला आज तुमच्यामुळं कळलं. रविवारी पोरांना घेऊन परत जातो.

---

खडू_फळा

मी कॉलेजात शिकवतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. भोगावतीकाठ, तुमच्या गुराखी मामांचा प्रश्न वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तो प्रश्न रास्त आहे.

अडचण अशी असते. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना क्रेडिट मिळतात. त्यामुळं मुलं वर्गाबाहेर पडायला लागली हे नक्कीच चांगलं झालं. पण सत्र संपलं की गुण भरायचे, आणि पुढच्या सत्राला मुलं नवी. जी पोरं तुमच्या आजीशी बोलली ती आता शेवटच्या वर्षाला असतील, किंवा पास होऊन गेलीही असतील. शिक्षकाचं म्हणाल तर त्याच्या पदोन्नतीत शोधनिबंधाला जे वजन आहे ते गावासाठी लिहिलेल्या चाळीस पानांच्या मराठी पुस्तिकेला नाही. तरीही पुस्तिका काढणारे शिक्षक आपल्याकडं आहेत, आणि ते स्वतःच्या रविवारांवर काढतात.

माझ्या अनुभवात काम टिकतं ते एका गोष्टीवर. गाव कधी सामील झालं? मोजमाप संपल्यावर गावाला बोलावलं तर तो सत्काराचा कार्यक्रम होतो. सुरुवातीलाच ग्रामसभेत विषय मांडला, काय नोंदवायचं आणि काय नोंदवायचं नाही हे गावानं ठरवलं, तर पुढं गाव स्वतःच मागं लागतं. "सर, अजून दोन दगड सापडले, कधी येताय?" असे फोन येतात.

एक नमुना आपल्याकडं तयारच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. कुठलं झाड, कुठली रानभाजी, कुठली देवराई, त्याबद्दल गावाला काय माहीत आहे, हे सगळं गावातल्या समितीनं लिहायचं. वनस्पतिशास्त्राची मंडळी शास्त्रीय नावं सांगायला मदत करतात आणि वही मात्र गावाची राहते. काही ठिकाणी ती नुसती कपाटात पडलीय हे खरं आहे. पण जिथं मनापासून झाली तिथं शाळेतली पोरं ती उघडून बघतात. वारशाची अशीच वही का करू नये? वीरगळ, सतीचे दगड, बारव, जुन्या वाटा, शेतांची नावं, जत्रेचे मान. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक विद्यापीठात. आणि माहिती देणाऱ्याचं नाव त्याला विचारून प्रत्येक नोंदीखाली.

---

रुमाल_सोडणारी

खडू_फळा सर, शेतांच्या नावांबद्दल अगदी बरोबर बोललात. मी मोडी वाचते. आधी पुराभिलेखागारातले कागद वाचायला शिकले, आता लोकांच्या घरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले जुने कागद, सोडून वाचून देते.

मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. सराव झाला की वाक्य लागतं, पण विशेषनाम आलं की अडतं. एका घरच्या इनामपत्रात चतुःसीमा लिहिली होती. पूर्वेला अमक्याचं शेत, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला एक नाव. ते नाव मला दोन तऱ्हांनी लागत होतं आणि दोन्ही तऱ्हांना अर्थ होता. घरातल्या आजी स्वयंपाकघरातनं ऐकत होत्या. त्या तिथनंच म्हणाल्या, "अगं, ती पांढरीकडची पट्टी. आमच्या सासूबाई असंच म्हणायच्या." प्रश्न मिटला. आजींना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं.

दरबारी कागदांच्या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं राजर्षींची कागदपत्रं खंडांमागून खंड छापली. १९०२ सालचा नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम, १९१७ सालचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, यांवर आज कुणीही कागद दाखवून बोलू शकतो तो अशा कामामुळं. पण घराघरांतले रुमाल अजून माळ्यावरच आहेत. वाळवी लागतेय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती घरांचे कागद भिजले याची मोजदाद कुणाकडंच नाही.

लोक कागद देत नाहीत त्याला कारण आहे. जमिनीचा पुरावा म्हणून वाडवडिलांनी जपलेली चीज कोण परक्याच्या हातात देईल? काही घरांतनं "अभ्यासाला" म्हणून नेलेले कागद परत आलेलेच नाहीत. म्हणून आमचा नेम असा, की कागद घराचा उंबरा ओलांडत नाही. आम्ही त्यांच्या सोप्यात बसतो, घरच्यांसमोर फोटो काढतो, तिथंच वाचून दाखवतो आणि लिप्यंतराची प्रत आधी त्यांना देतो. आपल्या पणजोबाचं नाव पहिल्यांदा ऐकताना घरातल्या माणसांचे चेहरे बघा एकदा. त्यानंतर शेजारचे लोक आपणहून रुमाल घेऊन येतात.

---

सुभाषनगर

आमचं घराणं कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांचं. आज्ज्यापासनं. मुलाखती घ्यायला लई लोक येतात. फॅशनवाले येतात, पीएचडीवाले येतात, व्हिडीओवाले येतात. बाबा सगळ्यांना चहा पाजतात आणि सगळं सांगतात. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कसं कमवायचं, तळाला किती थर द्यायचे, वादीची शिलाई कशी घालायची. कापशी, पुकारी, बक्कलनाळी, हे प्रकार एकेका गावचे आणि एकेका हाताचे. आई रोज वेणी घालते, म्हणजे वरच्या पट्ट्यावरचा गोफ. तिची मुलाखत आजपतूर एकानंबी घेतली नाही. बाई आहे, मागल्या खोलीत बसून काम करते, म्हणून कॅमेरा तिकडं जातच नाही.

२०१९ ला चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चांगलं झालं. नक्कल करणाऱ्याला आता विचारता येतं. पण जीआय कागदावर असतं, आणि आमची अडचण अशी की हे काम पुढच्या पोरानं का करावं. मी स्वतः आयटीआय केलं.

एक बाई मात्र वेगळी आली. विद्यापीठातनं आली आणि म्हणाली, मला आधी शिकवा, मग लिहिते. बाबांच्या समोर बसून रापी धरायला शिकली, बोटं कापून घेतली. मग तिनं विचारलं की सालीत कमावलेल्या कातड्याला आणि बाजारातल्या कातड्याला घामाचा फरक काय पडतो, पाणी लागल्यावर काय होतं. हे आम्हाला माहीत होतं, पण गिऱ्हाइकाला पटवून देता येत नव्हतं. तिनं साध्या मराठीत एक पानी लिहून दिलं. बाबा ते प्रत्येक जोडाबरोबर देतात. दर जरा चढा सांगितला तरी आता लोक कमी घासाघीस करतात. आणि तिनं आईकडनं वेणीचे नमुने घालून घेतले, नावानिशी. ते नमुने आमच्याच घरात आहेत, काचेत लावून.

---

दाजीपूरवाला

थोडा उलटा सूर लावतो, राग मानू नका. भोगावतीकाठ, वीरगळांचे फोटो आणि जागा इंटरनेटवर टाकू नका. आमच्या भागात गुप्तधनासाठी दगड उपटून खाली खणल्याचे प्रकार झालेत. वीरगळाखाली काही नसतं, ते स्मारक आहे, पण खणणाऱ्याला कोण सांगणार? जंगलातल्या एका दगडाचे असेच तुकडे केलेले मी बघितलेत. संशोधकांनी लेखात जागेचा नेमका बिंदू दिला, आणि तो वाचून कोण येईल यावर कुणाचा ताबा राहत नाही.

---

खडू_फळा

दाजीपूरवाला, तुमचं म्हणणं रास्त आहे. आम्ही लेखात गावाचं नाव देतो, नेमकी जागा फक्त गावच्या वहीत आणि विभागाच्या नोंदीत ठेवतो. खणताना खरंच काही पुरलेलं सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. हे ग्रामसभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं. तरी उपटणाऱ्याला खरा धाक बसतो तो गावाचा. दगड कुणाचा, कशासाठी उभा केला हे पोराबाळांना माहीत झालं की रात्री कुदळीचा आवाज आल्यावर चार घरांतले दिवे लागतात.

---

महाद्वार_रोड

आमच्या रस्त्याचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण यात शास्त्र, देऊळ आणि दुकानदार एकाच दोरीला बांधलेले आहेत. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. मधल्या काळात ती वाटेतच अडायला लागली. कुणी म्हणालं सूर्याचा मार्ग बदलला, कुणी म्हणालं देवीचा कोप. कॉलेजचे प्राध्यापक आणि विद्यार्थी यंत्रं घेऊन बसले. किरणांची तीव्रता मोजली, कुठल्या मिनिटाला किरण कुठल्या पायरीवर आहे ते लिहिलं, हवेतली धूळ आणि बाष्प बघितलं. मग नेमकं निघालं: कुठल्या इमारतीचा कुठला भाग, कुठली टाकी, कुठला फलक मध्ये येतो.

शास्त्रानं बोट दाखवलं ते आमच्याच घरांवर, त्यामुळं वादही झाले. माझ्या चुलत्यांचा सुरुवातीला विरोध होता. मग मोजणारी पोरं त्यांना संध्याकाळी गच्चीवर घेऊन गेली आणि सावली कुठं पडते ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पत्र्याची शेड काढली. आता त्या दिवसांत ते दुपारपासनं आभाळाकडं बघत असतात आणि ढग आले की त्यांचं जेवणात लक्ष नसतं.

---

गडकरी_पन्हाळा

गडावरचा म्हणून दोन ओळी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आमच्या गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, माणसं राहतात. घर दुरुस्त करायला परवानगी मिळेल का, धंदा राहील का, ही धास्ती लोकांना होती आणि अजून आहे. तीन दरवाजा आणि अंबरखान्याचा अभ्यास कितीतरी झाला. आता गडावर राहणाऱ्यांच्या घरांचा, पाण्याच्या वाटांचा, बाजाराचा अभ्यास व्हावा, आणि त्यात आम्हाला बसवून घ्यावं. आम्ही माहिती द्यायला तयार आहोत.

---

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो.

सकाळी सरांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, अहवालाची प्रत देतो, पण ती इंग्रजीत आहे, मराठी करायला तुमच्यातलं कुणीतरी बसा. आमच्या शाळेतल्या बाई तयार झाल्यात. ग्रामसेवकांशी बोललोय, पुढच्या ग्रामसभेत वारशाच्या वहीचा विषय घेणार. खडू_फळा सरांनी लिहिलंय तसं: तीन प्रती, माहिती देणाऱ्यांची नावं आणि नेमक्या जागा फक्त वहीत. दाजीपूरवाला, तुमचं ऐकून मी आमच्या गटावर टाकलेले फोटो काढून टाकलेत. रुमाल_सोडणारी ताई, आमच्या गावात पाटलांच्या घरी दोन रुमाल आहेत. ते बाहेर देणार नाहीत, पण तुम्ही सोप्यात बसून वाचणार असाल तर या म्हणालेत. जत्रेनंतरचा कुठलाही रविवार चालेल.

ओढ्यावरचा तो दगड पोरांनी उचलून देवळाच्या अंगणात, छपराखाली उभा केलाय. बायकांना धुण्यासाठी दुसरी फरशी टाकून दिली, नाहीतर त्यांनी सोडलं नसतं. एक अडचण उरलीय. काही जणांना त्या दगडांना ऑइल पेंट द्यायचाय, "चांगले दिसतील" म्हणून. त्यांना कसं समजवावं?

---

रुमाल_सोडणारी

जत्रेनंतरचा दुसरा रविवार धरा, येते. माझ्याबरोबर दोन विद्यार्थिनी असतील. पाटलांच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईमाणसाला तेवढं हजर ठेवा.

---

खडू_फळा

ऑइल पेंटचं असं सांगा: रंगानं दगडाची छिद्रं बुजतात, आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि काही वर्षांनी रंगाबरोबर कोरीव कामाचे पापुद्रे निघतात. बारीक रेषा तर पहिल्याच हाताला भरून जातात. बोलण्यानं पटलं नाही तर संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलवा आणि बॅटरी आडवी धरून दाखवा. शेंदूर लावायचाच असेल तर पायाशी लावा, कोरीव पट्ट्यांवर नको. मी त्या रविवारी ताईंबरोबर येतो, येताना पोरांनाही आणतो.

---

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

या सर. जेवण आमच्याकडं. गुराखी मामांना आत्ताच सांगून ठेवतो, माळावर परत जायचं म्हणून.